पंप चालू, बाकी सगळं बंद

आलुबुखारच्या मुरंब्याचं नरसाळं
आलोइझीने न विचारता उचललं
तेव्हाच मी ओळखलं, आज पाणी बदलायचंय.
जेवणाच्या टेबलावर जुनी चादर,
चादरीवर कोन्राटचा कॉम्प्युटर, आडवा,
एका अंगाची काच काढलेली.

कोन्राट बर्गेनला जाऊन दोन वर्षं झाली.
जाताना म्हणाला, अधूनमधून चालवा,
वर्षातून एकदा आतलं पाणी बदला,
नाहीतर शेवाळ धरेल.
लोक मांजर ठेवून जातात.
आमच्याकडे हे तहानलेलं कपाट.

मी म्हटलं, मग रिकामंच करून ठेव ना कायमचं.
त्याने असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये शिट्टी मारली.
"वायसर आकसतात, ट्रूडा. कोरडा पंप मरतो."

नळी सुटली. मापाच्या भांड्यात पाणी आलं,
फुलदाणीत विसरलेल्या पाण्यासारखं, हिरवट.
खिडकीच्या उजेडात धरून त्याने ते
बराच वेळ पाहिलं.
मग रेडिएटरच्या पात्यांमधली धूळ
माझ्या केकच्या ब्रशने.
(तो ब्रशही न विचारता.)

सव्वीस वर्षं, सहाशे साठ मीटर खाली,
दुसऱ्यांच्या पायाखालचं पाणी उपसलं त्याने.
कोळसा कुणी काढला हे बिटोममध्ये
दारूच्या दुकानातसुद्धा सांगतील.
पाणी कुणी काढलं, ते कुणी विचारत नाही.
खाण मिटली त्या दिवशी बँड होता, भाषणं होती,
पाळणा शेवटचा वर आला, दिवे गेले,
आणि पंप राहिले.
अजून आहेत.
थांबले तर पाणी चढेल, शेजारच्या खाणीत शिरेल.
हे तो जेवताना सांगायचा
आणि मी बटाटे कुस्करत हूं म्हणायचे.

पेट्रोल पंपावरून बर्फातून आणलेला
डिस्टिल्ड पाण्याचा पाच लिटरचा कॅन.
शेवाळमार औषधाचे दोन थेंब. तीन नाही.
फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला,
त्यात कोन्राटचं अर्धं कपाळ.
पेपरक्लिप वाकवून आलोइझीने
वायरीच्या दोन भोकांत बसवली.
"म्हणजे आता पंप चालू, बाकी सगळं बंद," कपाळ म्हणालं.
"बरोबर ना, बाबा?
बाबा?
आवाज येतोय का?"

आवाज येत होता.

मग आम्ही दोघांनी ते धूड उचललं,
पुढे कलवलं, मागे कलवलं, डावीकडे,
बाळाला ढेकर काढतात तसं.
कोन्राटलाही असंच. त्या खेपेला मात्र मी एकटी,
हा रात्रपाळीला.
बुडबुडे टाकीत येऊन फुटले, भराभर.
एक मात्र वरच्या वळणात बसून राहिला
मटारच्या दाण्याएवढा, हट्टी.
मी टिचकी मारली. तो हलला, परत तिथेच.

प्रत्येक सांध्याखाली पेपर टॉवेलची घडी.
चोवीस तास पहारा.
रात्री अडीचला बिछान्याची ती बाजू थंड.
स्वयंपाकघरात हा, बॅटरी दातांत धरून,
एका घडीवर ओला, गडद डाग.
चेहरा असा, की मी तो एकदाच पाहिलाय,
भूकंपमापकाची सुई हलली त्या सकाळी.
मी पुढे होईपर्यंत त्याने डागावर बोट टेकवलं
आणि बोट जिभेवर.
"अरे, औषध आहे त्यात! थुंक!"
तो थुंकला नाही.
"गोड," म्हणाला.
नरसाळ्याच्या बाहेरच्या कडेला राहिलेला मुरंबा.
"आतून तीनदा धुतलं होतं मी," तो म्हणाला,
"आतून."
मी इतकी हसले की वरच्या मजल्यावरच्या पेलागियाने
काठी आपटली.

सकाळी कोन्राटचा संदेश: गळतंय?
याने एका बोटाने उत्तर लिहिलं: नाही.
मग टोपी घालून पाव आणायला गेला.

मी कप विसळत होते.
वळणातला बुडबुडा सुटला,
नळीतून घरंगळत टाकीत आला
आणि संपला, काहीही आवाज न करता.
आलोइझी परतला, बूट न काढताच वाकून पाहिलं,
"गेला! केव्हा?"
मी म्हटलं, मी काय त्याच्याकडे बघत बसले होते?